आंबवड्याची वाट आणि जुन्या गाडीचे अवयव

भोर गांवापासून दहाबारा किलोमीटरांवर, रायरेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवर, आंबवडें नांवाचें एक लहानसें गांव आहे. पुण्याच्या वाचकांस तें दूर नाहीं. परंतु सिंहगड, जेजुरी, आळंदी यांच्या ओघांत आंबवड्याचें नांव सहसा कोणाच्या ओठीं येत नाहीं. ओढ्याकांठच्या झाडींत नागेश्वराचें पुरातन स्थान, त्या ओढ्यावर पंतसचिवांच्या अमदानींत, विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत, बांधलेला झुलता पूल, आणि शिवकालांतील व त्यानंतरच्या कर्त्या पुरुषांच्या समाध्या, इतकी सामग्री एका खेड्यांत एकवटलेली क्वचितच आढळेल. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळीं, इ. स. १६५९ मध्यें, मुलांबाळांसह महाराजांच्या पाठीशीं उभे राहिलेले कान्होजी जेधे यांची समाधि येथें आहे. प्रतापगडाखालीं सय्यद बंडाचा वार अडविणारे जिवा महाला यांचीही समाधि येथेंच दाखवितात.

तिसरी समाधि शंकराजी नारायण सचिव यांची. राजाराम महाराजांच्या पडत्या काळांत मावळांतले किल्ले परत मिळविण्यासाठीं झटलेला हा पुरुष. याच्याच वंशजांनीं पुढें भोरचें संस्थान चालविलें, आणि तें १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. १७०७ सालीं शाहू महाराज मोंगलांच्या कैदेंतून सुटून आले, तेव्हां ताराबाईंच्या पक्षास दिलेली निष्ठेची शपथ मोडावी कीं परत आलेल्या धन्यावर शस्त्र धरावें, असा पेंच शंकराजींपुढें पडला; आणि दोन्ही नकोत म्हणून त्यांनीं आंबवड्यास देहत्याग केला. एवढ्या थोर पेंचाशेजारीं आमच्या घरगुती पेंचाची हकीकत मांडतांना संकोच वाटतो. तथापि गेल्या श्रावणांत आम्ही सहकुटुंब आंबवड्यास गेलों, तें एका लहानशा प्रश्नाचा निकाल लावूनच. तो प्रश्न ज्या ज्या घरीं जुनी गाडी आहे त्या त्या घरीं आज ना उद्यां उभा राहणार आहे. म्हणून प्रवासाबरोबर त्याचाही वृत्तांत येथें देतों.

आमच्या एकत्र कुटुंबाची गाडी दिवंगत ज्येष्ठ बंधूंनीं, ज्यांस आम्ही सारे दादा म्हणत असूं त्यांनीं, १९८६ सालीं घेतली. ती प्रीमियर पद्मिनी होय. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत, इटलीच्या फियाट कंपनीच्या अकराशें जातीच्या गाडीवरून ही घडविली जात असे. १०८९ घन सेंटिमीटरांचें चार सिलिंडरांचें इंजिन आणि चारही चाकांस ड्रमचे ब्रेक, असा तिचा साधा संसार. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपानें ती साऱ्या देशास ठाऊक झाली. तेथील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ सालीं झाली होती. वीस वर्षांची मुदत भरून ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं ही जात टॅक्सीच्या सेवेंतून निवृत्त झाली. कारखान्यांतून नवी पद्मिनी निघणें त्यापूर्वींच, या शतकाच्या आरंभास, थांबलें होतें. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, व पुढें दर पांच वर्षांनीं तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. आमची गाडी ही परीक्षा आजवर उत्तीर्ण होत आली आहे.

वहिनींच्या मनांत बरेच दिवसांपासून होतें, कीं श्रावणांतल्या एका सोमवारीं नागेश्वराचें दर्शन घ्यावें, आणि तें दादांच्याच गाडीनें जाऊन घ्यावें. त्यांचें वय आतां सत्तरीच्या पुढें आहे. पुढल्या वर्षाचा भरंवसा कोणीं द्यावा? दिवस ठरला, डबे ठरले, आणि निघण्याच्या पंधरा दिवस आधीं ब्रेकचें पेडल पायाखालीं हळूहळू बसूं लागलें. एकदां दाबलें तर थांबावयाचें तें थांबे. पण पाय तसाच ठेवला कीं पेडल तळाकडे सरके. मिस्त्र्यांनीं पाहून सांगितलें, मास्टर सिलिंडर गेला.

ज्या वाचकांस या यंत्राचा परिचय नाहीं, त्यांच्यासाठीं दोन शब्द. पायानें दिलेला दाब तेलाच्या मार्गानें चारही चाकांपर्यंत पोहोंचविणारी ही मुख्य पिचकारी आहे. तिच्या पोटांत एक दट्ट्या, आणि दट्ट्याच्या तोंडाशीं रबराची वाटी. ब्रेकचें तेल हवेंतला ओलावा शोषून घेतें. त्या ओलाव्यानें पिचकारीचें अंतरंग गंजतें, गंजाच्या खांचांनीं रबर फाटतें, आणि दाब चाकांकडे न जातां मागच्या मागें निसटतो. इंजिन बिघडलें तर गाडी रस्त्याच्या कडेस उभी राहते, एवढेंच. हा अवयव बिघडला तर गाडी उभीच राहत नाहीं.

आतां घरांत तीन मतें झालीं. आमचे पुतणे, दादांचे चिरंजीव, हिंजवडीस एका कारखान्यांत आहेत. ते म्हणाले, “काका, चाळीस वर्षांच्या गाडीवर आईला आणि मुलांना बसवूं नका. मोडींत काढूं, भाड्याची गाडी आणूं.” आमचे धाकटे बंधू काटकसरी, बाजारांत जो स्वस्त मिळेल तो सिलिंडर बसवून मोकळें व्हावें, असें त्यांचें म्हणणें पडलें. वहिनींचें म्हणणें निराळेंच होतें. त्या म्हणाल्या, “भाऊजी, खर्च झाला तरी चालेल, पण त्यांच्या गाडीला परकें कांहीं लावूं नका. आणि ठोकून-घासून उभें केलेलेंही नको. अस्सल कंपनीचाच बसवा.” तिघांच्याही बोलण्यांत माया होती, आणि निर्णय आमच्यावर होता. सबब आम्ही मिस्त्र्यांस बरोबर घेऊन नाना पेठेंत सुट्या भागांच्या दुकानांकडे गेलों.

तेथें गेल्यावर पहिला धडा मिळाला तो शब्दार्थाचा. ‘ओरिजिनल’ हा शब्द आपण घरीं एका अर्थानें वापरतों. बाजारांत तो निदान पांच वस्तूंस लागतो. पहिली, गाडीच्या कंपनीनें स्वतःच्या नांवाच्या खोक्यांत विकलेली. दुसरी, कंपनीस जो कारखाना तो भाग पुरवीत असे त्यानें स्वतःच्या नांवानें विकलेली. वस्तु तीच, खोकें निराळें. तिसरी, तिऱ्हाइतानें नमुन्याबरहुकूम बनविलेली. हिच्यांत चांगली व वाईट अशा दोन्ही जाती असतात. चौथी, मोडींत गेलेल्या गाडीवरून उतरविलेली. आणि पांचवी, मूळ अवयवाचेंच शरीर घेऊन त्याचा झिजलेला भाग नव्यानें घडविलेली. हिला मिस्त्री लोक ‘रिकंडिशन’ म्हणतात, आम्ही पुनर्घटित म्हणूं. याखेरीज सहावी एक आहे. ती म्हणजे पहिलीचें खोटें खोकें घेऊन आलेली तिसरी. ज्या गाडीचा कारखानाच राहिला नाहीं, तिच्या बाबतींत पहिली जात म्हणजे कोणा दुकानदाराच्या माळ्यावर उरलेला जुना साठा, इतकाच अर्थ उरतो.

असा एक सिलिंडर निघालाही. खोकें बंद, अक्षरें अस्पष्ट झालेलीं, पण खरीं. किंमत भरपूर. वहिनींची इच्छा पुरी झाली असें वाटून आम्ही पैसे काढणार, इतक्यांत मिस्त्री म्हणाले, “गुरुजी, जरा थांबा. बघून घ्या, मग ठरवा.” दुकानदाराच्या परवानगीनें त्यांनीं दट्ट्या बाहेर काढला, रबराची वाटी बोटांत धरून वांकविली, आणि आमच्या हातांत दिली. वाटीच्या कडेला बारीक भेगा पडल्या होत्या. पिचकारीच्या आंत बोटभर अंतरावर गंजाचे तांबडे ठिपके होते. मिस्त्री म्हणाले, “लोखंड अस्सल आहे, त्यांत शंका नाहीं. पण पंचवीस वर्षें माळ्यावर बसलें आहे. गाडीवर असतें तर आपण एवढ्यांत चारदां रबर बदललें असतें. खोक्यांत ठेवलें म्हणून रबराचें वय थांबत नाहीं.”

मग ते आम्हांस आपल्या कारखान्यांत घेऊन गेले व गाडीचा काढलेला सिलिंडर दाखविला. त्याच्या आंत लोखंडाऐवजीं पिवळसर झळक दिसली. “हा पूर्वीं एकदां केलेला आहे,” ते म्हणाले. “कोणीतरी बोअर वाढवून आंत पितळी बाही बसविली आहे. काम चांगलें झालें आहे. आतां ती बाहीच झिजली. मी ती काढतों, नवी घालतों, मूळ मापावर आणतों, आणि सारीं रबरें ताजीं घालतों. मग पेडलवर वजन ठेवून रात्रभर पाहूं. सकाळीं जागचें हललें नसेल तर बसवूं.” त्यांच्या बोलण्यांत विक्रीची घाई नव्हती. कोणत्या मापाची बाही, कोणत्या सालचें रबर, हें त्यांनीं न विचारतां सांगितलें. उलट खोक्यासंबंधीं दुकानदारास ‘कंपनीचें आहे’ यापलीकडे एकही गोष्ट सांगतां आली नाहीं.

घरीं येऊन वहिनींस हें कसें सांगावें, याचा विचार पडला. कंपनीचा अस्सल अवयव म्हणून ज्यास त्या जपूं पाहत होत्या, तो आमच्या गाडींत मुळीं नव्हताच. परंतु सांगण्याची जरुरी पडली नाहीं. गाडीच्या पुढल्या कप्प्यांत दादांची एक लाल पुठ्ठ्याची वही असे. पुतण्यांनीं ती आणून वहिनींच्या पुढें ठेवली. दादा हिशेबी पुरुष. १९८६ पासून २०११ पर्यंत, म्हणजे आजारी पडेपर्यंत, प्रत्येक दुरुस्ती त्यांनीं तारीखवार लिहिली होती. १९९१, क्लच प्लेटला नवें अस्तर. १९९४, इंजिन बोअर, पिस्टन वीस हजारांश इंच मोठे. १९९८, ब्रेक मास्टर सिलिंडर, आंत पितळी बाही. २००३, इंजिनास लायनर. रेडिएटरचा गाभा नवा. २००८, क्रँकशाफ्ट घांसून दहा हजारांश बारीक. प्रत्येक नोंदीपुढें दोनतीन शब्दांचा शेरा. सिलिंडरपुढें लिहिलें होतें, “घाटांत पाहिला. ठीक.”

वहिनी बराच वेळ वही वाचीत राहिल्या. शेवटीं म्हणाल्या, “सासूबाईंच्या मंगळसूत्राच्या वाट्या आज धाकट्या सूनबाईंच्या गळ्यांत आहेत. मधें दोरा कितीदां गांठवला त्याची गणती नाहीं. तुटक्या दोऱ्यांत वाट्या घालून मिरवावें, असें सासूबाई कधीं म्हणाल्या नाहींत. भाऊजी, मिस्त्री म्हणतात तसें करा.” धाकट्या बंधूंनींही आपलें स्वस्ताचें म्हणणें मागें घेतलें. पुतण्यांनीं मात्र एक अट घातली, कीं रात्रभराच्या चांचणीच्या वेळीं आपण स्वतः हजर राहूं. ती आम्हांस रास्त वाटली.

बौद्धांच्या मिलिंदपञ्ह ग्रंथांत नागसेन स्थविर यवन राजास विचारतात, कीं तूं ज्या रथांतून आलास तो रथ म्हणजे दांडी काय, आंस काय, चाकें काय? राजा प्रत्येकास नाहीं म्हणतो, आणि अखेर कबूल करतो, कीं या साऱ्या अवयवांच्या मेळास व्यवहारांत रथ हें नांव आहे. दादांची वही वाचतांना आम्हांस तो संवाद आठवला. आमची गाडी म्हणजे कुर्ल्याचें लोखंड एवढेंच नव्हे. पंचवीस वर्षें ज्यानें तिच्याकडे लक्ष दिलें, त्याच्या निवडीही त्या गाडींत भरलेल्या आहेत. त्या निवडींत पुनर्घटित अवयव पुष्कळ होते, आणि ते दादांनींच घातले होते.

असो. ठरल्या सोमवारीं पहांटे आम्ही निघालों. कात्रजचा बोगदा ओलांडला, खेड शिवापूर मागें टाकलें, आणि कापूरहोळास महामार्ग सोडून उजवीकडे भोरच्या रस्त्यास लागलों. तेथें पुतण्यांनीं गाडी बाजूस घेऊन ब्रेक तपासला. चाकांचे ड्रम हातानें चांचपून कोणता अधिक तापला आहे काय तें पाहिलें. चारही सारखे कोमट होते. येळवंडीवरचें भाटघर धरण, १९२७ सालीं पुरें झालेलें, पावसाच्या पाण्यानें भरत आलेलें होतें. भोर गांवांत पंतसचिवांचा एकोणिसाव्या शतकांतला राजवाडा बाहेरूनच पाहिला, चहा घेतला, आणि रोहिडा किल्ल्यास डोळ्यांपुढें ठेवून आंबवड्याची वाट धरली. दोहों बाजूंस भाताचीं खाचरें, मधूनच चढउताराची वाट, आणि डोंगराच्या माथ्यावर ढग. उतारावर पुतणे गाडी खालच्या गिअरांत घेत. ड्रमचा ब्रेक सतत दाबून ठेवला तर तापून ढिला पडतो, आणि जुनें ओलसर तेल त्या उष्णतेनें उकळून पेडल पोकळ लागतें. म्हणून उतारावर वेग इंजिनानें आवरावा व ब्रेक थांबण्यापुरता वापरावा, हा नियम घरोघरीं मुलांस शिकविण्याजोगा आहे.

नागेश्वराचें स्थान ओढ्याकांठीं, सावलींत आहे. श्रावणांत तेथें पाण्याचा आवाज सारखा कानांवर येतो. अशा पुरातन देवळापुढें उभें राहिलें कीं मनांत येतें, येथला कोणता दगड पहिला आणि कोणता मागाहूनचा? आपल्या शास्त्रकारांनीं हा प्रश्न फार पूर्वीं सोडविला आहे. अग्निपुराणांत जीर्णोद्धाराचा स्वतंत्र विधि आहे. मूर्ति जीर्ण किंवा भग्न झाली, तर लांकडाची असेल ती अग्नींत, दगडाची असेल ती पाण्यांत विसर्जावी, आणि तिच्या जागीं त्याच द्रव्याची व त्याच मापाची दुसरी स्थापावी, असा त्याचा आशय. यांतला विवेक पाहण्यासारखा आहे. जुनें आहे म्हणून भंगलेलेंच पूजीत राहा, असें शास्त्र म्हणत नाहीं; आणि नवें म्हणून हवें तें आणून बसवा, असेंही म्हणत नाहीं. द्रव्य तेंच हवें, माप तेंच हवें. नाना पेठेंतल्या मिस्त्र्यांनीं अग्निपुराण वाचलेलें नसावें. परंतु “मूळ मापावर आणतों” हें त्यांचें वाक्य त्याच परंपरेंतलें आहे.

दर्शन झाल्यावर मंडळी झुलत्या पुलाकडे आली. मुलांस त्यावर जाण्याची उत्सुकता. आम्हीं त्यांस पुलाच्या तोंडाशीं थांबवून त्याची रचना समजावून दिली, कारण आमच्या प्रश्नाचें उत्तर तेथें लोंबतच होतें. झुलता पूल म्हटला कीं त्याचे तीन अवयव. दोन्ही तीरांस खांबांवरून ताणलेले जाड दोर. त्या दोरांपासून खालीं सोडलेल्या सळया. आणि सळयांवर तोललेली पायवाट. चालणाऱ्याचा पाय पडतो तो पायवाटेवर, म्हणून तीच त्याच्या दृष्टीस पडते व तीच वारंवार नवी केली जाते. परंतु जीव तोललेला असतो तो दोरांवर.

गुजराथेंत मोरबी येथें एकोणिसाव्या शतकांतला असाच पूल दुरुस्तीनंतर लोकांस खुला केला, आणि ३० ऑक्टोबर २०२२ रोजीं तो तुटून १३५ माणसें प्राणांस मुकलीं. चौकशी करणाऱ्या पथकास असें आढळलें, कीं एका मुख्य दोराच्या ४९ तारांपैकीं २२ तारा आधींच गंजलेल्या होत्या. जुन्या लांकडी फळ्यांच्या जागीं ॲल्युमिनियमचे तक्ते घातले होते. आणि जुन्या सळयांस नव्या सळयांचे तुकडे सांधले होते. दुरुस्ती झाली होती, पैसा खर्चला होता, पूल नवा दिसतही होता. फक्त जो अवयव भार सोसतो तो मूळचाच ठेवून, जो दिसतो तो बदलला होता. गाडीच्या बाबतींत आपल्यापैकीं पुष्कळांकडून हेंच घडतें. रंग नवा, आसनें नवीं, संगीताचें यंत्र नवें; आणि सुकाणूचे सांधे मात्र कारखान्यांतून आले तसेच.

या साऱ्यावरून आम्हांस जे नियम सुचले ते वाचकांपुढें ठेवतों. मिस्त्र्यांशीं बोलूनच ते लिहिले आहेत.

ज्यावर जीव अवलंबून आहे अशा अवयवांत सुकाणूचे सांधे, चाकांचीं बेअरिंगें आणि ब्रेकच्या रबरी नळ्या येतात. यांच्या बाबतींत पुनर्घटनेचा मोह धरूंच नये. हे लहान असतात, झिजतात ते आंतून, आणि तुटतात ते न सांगतां. ते नवेच घ्यावे, व ज्याचा कारखाना ठाऊक आहे असेच घ्यावे. चीर गेलेला असा भाग झाळून जोडून देणारा कारागीर कितीही कुशल असला, तरी त्यास नमस्कार करून परत यावें.

दुसरा वर्ग मोठ्या व भक्कम अवयवांचा. इंजिनाचा ठोकळा, क्रँकशाफ्ट, ब्रेकच्या सिलिंडराचें शरीर, डायनामो, कार्ब्युरेटर यांचें मूळ लोखंड किंवा पितळ बहुधा आजच्या स्वस्त नकलेपेक्षां चांगलें असतें. त्यांत झिजतो तो पृष्ठभाग. असा पृष्ठभाग मापावर आणून देणारा माणूस मिळाला, तर पुनर्घटित अवयव हा खोक्यांतल्या जुन्या साठ्यापेक्षां अधिक विश्वासाचा होय. मात्र पुनर्घटनेसही आयुष्याची मर्यादा आहे. क्रँकशाफ्ट एकदां घांसला कीं दहा हजारांश इंच बारीक होतो, मग वीस, मग तीस. ब्रेकचा ड्रम खरवडला कीं पातळ होतो. दर खेपेस देहांतलें थोडें द्रव्य जातें, आणि एक वेळ अशी येते कीं मापावर आणण्यासारखें कांहीं उरत नाहीं. त्या दिवशीं हट्ट सोडावा. कितव्यांदा घांसला हें ज्यास सांगतां येत नाहीं, त्याचा क्रँकशाफ्ट घेऊं नये.

तिसरा वर्ग रबर, तेल व अस्तर यांचा. यांत मूळचें असें कांहीं नसतेंच. हे अन्नासारखे आहेत. ताजे तेवढे चांगले. खोक्यावरील नांवाआधीं बनविल्याची तारीख वाचावी, आणि ब्रेकचें तेल दोन वर्षांनीं बदलावें.

उरला चौथा वर्ग, आठवणींचा. दरवाज्याची मूठ, सुकाणूच्या चाकावर दादांच्या हातानें झालेली गुळगुळीत जागा, काटा थरथरणारें वेगमापक. येथें मूळचें तेंच ठेवावें. झिजलें असलें तरी ठेवावें. त्याच्या झिजण्यानें कोणाचा जीव धोक्यांत येत नाहीं, आणि नव्यानें कांहीं साधत नाहीं. वेगमापकाचा काटा तेवढा मधूनमधून दुरुस्त करून घ्यावा. वहिनींची माया आम्हांस पटली ती या वर्गांत. आणि पुतण्यांची काळजी पटली ती पहिल्या वर्गांत. घरांतला वाद पुष्कळदां असा असतो, कीं दोघेही बरोबर असतात, फक्त निरनिराळ्या अवयवांविषयीं बोलत असतात.

एक प्रश्न पुतण्यांचा उरतोच, कीं एवढा खटाटोप करण्यापेक्षां नवी गाडी कां घेऊं नये? रोजच्या कामासाठीं ती अवश्य घ्यावी, आणि आमच्या घरीं ती आहेही. आजच्या गाड्यांत चाक घसरूं न देणारे ब्रेक असतात, धक्का बसतांच फुगणाऱ्या पिशव्या असतात. जुन्या गाडींत यांतलें कांहीं नाहीं, आणि कोणतीही पुनर्घटना तें देऊं शकत नाहीं. म्हणून पद्मिनी आम्ही रात्रीं काढीत नाहीं, महामार्गावर तिच्याकडून वेगाची अपेक्षा करीत नाहीं, आणि लहान मुलांस तिच्या पुढल्या आसनावर बसवीत नाहीं. म्हाताऱ्या माणसास आपण घरांत मान देतों, पण त्याच्या डोक्यावर धान्याचें पोतें देत नाहीं; तोच न्याय येथें.

दुपारीं झाडाखालीं डबे सोडले. वहिनी समाध्यांपुढें फुलें ठेवून आल्या, आणि पुतण्यांच्या हाताला धरून थोड्या अंतरापर्यंत पुलावरही गेल्या. परतीच्या वाटेवर भोरचा चढउतार उतरून कापूरहोळ आलें, तेव्हां सायंकाळ व्हावयाची होती. ब्रेकचें पेडल सकाळीं होतें तेथेंच होतें.

घरीं आल्यावर वहिनींनीं ती लाल वही मागवून घेतली. २०११ नंतरचीं पानें कोरीं होतीं. त्यांनीं पहिल्या कोऱ्या पानावर तारीख घातली, आणि त्यांच्या घोटीव अक्षरांत लिहिलें, “ब्रेक मास्टर सिलिंडर, मूळचाच, आंत नवी बाही, रबरें नवीं.” मग क्षणभर थांबून शेऱ्याच्या रकान्यांत लिहिलें, “आंबवड्यास जाऊन आलों. ठीक.”